विहिरीची शेवटची पायरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा निवाळे गावाच्या सड्यावर, त्या उंच उघड्या पठारावर, झाड नव्हतं की सावली नव्हती. जिकडे बघावं तिकडे लाल कातळ. गावच्या बायका दोन कोस खाली ओढ्यावर उतरायच्या आणि डोक्यावर हंडा घेऊन चढून यायच्या. अशा त्या गावात ईसाक नावाचा एक विहीर खोदणारा होता. तो कातळाला कान लावी आणि पाणी कुठे आहे ते सांगे, असं म्हणतात.

ईसाक खाली उतरून कातळ फोडायचा. त्याचा जोडीदार मुराद वर उभा राहून दगडांच्या पाट्या दोरानं ओढायचा. ईसाकनं दोराला दोन हिसके दिले की मुराद त्यालाही वर ओढून घ्यायचा. दोघांचं बोलणं काय ते त्या दोरातूनच चालायचं.

एका वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. पायाखालचा कातळ तव्यासारखा तापलेला. मशिदीत नमाज पढवणारे गावचे खतीबसाहेब दोघांना म्हणाले, "अरे, जीव जाईल असं काम करणाऱ्याला सूट आहे. अगदीच सोसवेना तर रोजा सोडा, पुढं भरून द्या. त्यात लाज कसली?"

ईसाक मान ताठ करून म्हणाला, "मला सोसवतो."

पण त्याला सोसवत नव्हता. तिसऱ्याच दिवशी, वीस हात खोल, त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कातळाच्या चिरेतून बारीकसा पाझर सुटला होता. त्यानं तिथं तोंड लावलं आणि पोटभर प्याला. तेवढ्यावर थांबून वर येऊन सांगितलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण वर यायच्या आधी त्यानं चिमूटभर लाल धूळ घेतली आणि ओठांना चोळली.

वर लोक जमले होते. कोरडे, धुळीनं माखलेले ओठ बघून म्हणाले, "माणूस आहे का कोण आहे हा!" ईसाकला ते पाण्यापेक्षा गोड लागलं. मग रोजच तो चिरेला तोंड लावू लागला आणि रोजच ओठांना धूळ चोळू लागला. खाली कुणी बघणारं नाही, असं त्याला वाटायचं.

विसाव्या रोजाला मुराद हिवतापानं फणफणला. त्याची बायको रुकय्या दारात आडवी उभी राहिली. "आज जायचं नाही, आणि हे पाणी प्या. खतीबसाहेबांनी सांगितलंय ना, आजाऱ्याला माफ आहे!"

"वा गं!" मुराद हसला. "ईसाक खाली पहार मारतो नि रोजा धरतो. मी वर नुसता उभा राहतो. मी रोजा सोडला तर उद्या तूच म्हणशील, माझा नवरा मेणाचा."

"मेणाचा तर मेणाचा. घरात तर राहील."

पण तो गेलाच.

दुपार कलंडली तेव्हा ईसाक चिरेला तोंड लावून पीत होता. तेवढ्यात त्याच्या पाठीवर काहीतरी पडलं. दोर होता. एक वेटोळं पडलं, मग दुसरं, मग सगळा दोर येऊन त्याच्या पायाशी गोळा झाला. ईसाकनं हाक मारली, "मुराद!" वरून उत्तर आलं नाही. तो ओरडत राहिला. आपला आवाज तेवढा भिंतींना आपटून परत येत होता.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला दोघं दिसले नाहीत म्हणून माणसं शोधत आली. मुराद विहिरीच्या काठावर पडला होता. अंगात जीव नव्हता, जीभ टाळूला चिकटलेली होती. दुसरा दोर सोडून ईसाकला वर काढलं. त्या दिवशी ओठांना धूळ लावायचं त्याला सुचलंच नव्हतं. दाढी ओलीचिंब होती.

"बघा," लोक म्हणाले, "मित्रासाठी किती रडलाय."

आणि रुकय्या हुंदके देत म्हणाली, "ईसाकभाई, त्यांना तुमच्यासारखं व्हायचं होतं हो."

त्या दिवसापासून ईसाकच्या ओंजळीत पाणी ठरेना. बोटं कितीही घट्ट धरली तरी तोंडाशी नेईपर्यंत ओंजळ रिकामी व्हायची, असं म्हणतात. शेवटी त्यानं खतीबसाहेबांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. "आता मशिदीत उभा राहून सांगतो. लोकांनी दगड मारले तरी चालतील."

खतीबसाहेबांनी त्याला उठवून समोर बसवलं. मग म्हणाले, "नको. परत तू लोकांकडेच बघतोयस. आधी वाहवा हवी होती, आता दगड हवेत. रोजे मोडलेस ते तुझ्या नि अल्लाहच्या मधलं. त्यानं त्यावर पडदा टाकलाय, तो तू फाडू नकोस. रोजे भरून दे, रड, आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस. पण मुरादचं काय? ज्या घराचं माणूस गेलं, ते घर तुला ठाऊक आहे."

ईसाक रुकय्याच्या दारात गेला. खाली मान घालून त्यानं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "मी मेलो की हे गावाला सांगा. म्हणजे दुसरा मुराद मरायचा नाही."

रुकय्यानं ऐकून घेतलं. "माफी मागू नका," ती म्हणाली. "माझ्याजवळ नाही ती." आणि तिनं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या दारापासून शंभर पावलांवर पहारीचा ठणका सुरू झाला. ईसाक एकटाच खोदत होता. दोर नाही, जोडीदार नाही. कातळातच पायऱ्या काढत तो उतरायचा आणि एकेक पाटी डोक्यावरून वर आणायचा. मोडलेले रोजे त्यानं मोजून भरून दिले, आणि त्यानंतरही धरत राहिला. कुणी वाखाणायला आलं की म्हणायचा, "जा बाबा, मी तसला नाही." सात वर्षं तो ठणका चालला. सात वर्षं रुकय्या तिकडे फिरकली नाही.

मग एका रमजानात, दिवस मावळायला आला असताना, ठणका एकाएकी थांबला. रुकय्याला वाटलं, मेला. ती धावत गेली आणि काठावर पालथी पडून तिनं खाली बघितलं.

ईसाक गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं ओंजळ भरून घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा पाणी ओंजळीत ठरलं होतं. ओंजळ ओठांपर्यंत गेली. खाली बांग ऐकू जात नाही, आणि वर कुणी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ओंजळ ओठांपाशी थोडा वेळ थांबली. मग त्यानं ती हळूच खाली केली, पाणी पाण्यात सोडलं आणि भिंतीला टेकून वाट बघत राहिला.

मशिदीतून बांग आली. रुकय्या रडत होती. तिनं वरून हाक मारली, "ईसाकभाई, बांग झाली. प्या आता."

तो प्याला. मग एकेक पायरी चढत वर आला. पाणी त्याच्या मागोमाग चढत होतं, असं म्हणतात. काठाखालच्या शेवटच्या पायरीवर तो दम खायला बसला, तो उठलाच नाही. पाणी त्याच्या पावलांच्या एक पायरी खाली येऊन थांबलं. त्याच पाण्यानं त्याला शेवटची आंघोळ घातली. माती दिल्यावर रुकय्यानं गावाला सगळं सांगितलं, धुळीपासून ओंजळीपर्यंत.

आज त्या विहिरीला ईसाकची बाव म्हणतात. आषाढ कितीही कोसळो, तिचं पाणी त्या पायरीवर चढत नाही. तिच्यावर दोर कुणी लावत नाही, पायऱ्या उतरूनच पाणी आणतात. रमजानात गावच्या बायका काठावर एक माठ भरून ठेवतात आणि त्याच्यापुढं पडदा बांधतात. आजारी, गरोदर, वाटसरू, घामाचं काम करणारा, कुणीही पडद्यामागं जावं. कुणी गेलं की आसपासची माणसं पाठ फिरवतात, आणि सूट होती का नव्हती हे कुणी विचारत नाही.

पडद्यामागून ती पायरी समोरच दिसते. कधी कधी तांब्या माठात बुडाल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग पाणी परत माठात ओतल्याचा आवाज येतो. तेव्हाही कुणी वळून बघत नाही.