सगळ्या बाजारांचा एक नियम

एका राज्यात सुवर्णकेतू नावाचा राजा होता. त्याला सगळे एकच हवे असे. एक झेंडा, एक किल्ली, आणि आता सगळ्या बाजारांचा एकच नियम. तो मिळाला की राजवाड्यातून न हलता राज्य चालवू, असे त्याला वाटे. एका मांत्रिकाने त्याला एक शापित तराजू दिला. एका पारड्यात माणसाने पाहिलेले बसे, दुसऱ्यात त्याने सांगितलेले. सांगितलेले जड झाले, की सांगणारा दगडाचे वजन होऊन जाई. पारडी एकदा जरी समान झाली, तरी शाप सुटणार होता.

राजाने दवंडी पिटवली: ज्याला तो नियम माहीत असेल, त्याने तराजूसमोर येऊन सांगावा. अठरा पंडित दगड झाले. एकोणिसावा झाला बाजारात माल तोलून देणारा तोलार सोमदत्त.

त्याला सोडवायला त्याची मुलगी हेमांगी दरबारात आली. फारसे न बोलणारी मुलगी. तराजूच्या दांडीवर एक साळुंकी बसे, ती म्हणाली, "तीन बाजार बघ. मग बोल. तुझ्या आधीच्यांनी एकच बघितला होता."

पहिला बाजार मिठाचा. गलबते आली नव्हती, मीठ महागले होते, बायका मूठभरच घेऊन परतत होत्या. महागले की लोक कमी घेतात. हेमांगीला वाटले, नियम सापडला.

दुसरा बाजार मोरपिशी शालींचा. तिथे भाव वाढला, तशी गर्दी वाढली. तिने एका बाईला कारण विचारले.

"स्वस्त झाली तर शेजारीणही पांघरेल," बाई म्हणाली. "मग मी कशाला घेऊ?"

तिसऱ्या बाजारात म्हाताऱ्या ओंजळीत निखारे घेऊन बसल्या होत्या. हात भाजत नव्हते. मागेल त्याला त्या निखारा देत. हेमांगीने नाणे पुढे केले, तर निखारा विझला.

"मी काय दुकान मांडलंय, पोरी?" म्हातारी रागावली.

परतताना हेमांगीचे डोके भणभणत होते. मीठ एक सांगत होते, शाल त्याच्या उलट, आणि निखाऱ्याला तर भावच नको होता. अखेर तिला एक वाक्य सुचले: माणूस त्याला हवे तेच करतो. ते तिन्ही बाजारांत बसत होते. ती पळतच दरबारात आली आणि आधी साळुंकीच्या कानात कुजबुजली.

"तुझे बाबा हेच म्हणाले होते," साळुंकी म्हणाली.

हेमांगी थबकली. वाक्य खोटे नव्हते. पण त्यावरून उद्या मीठ किती आणावे, ते कळत नव्हते. इतक्या मोठ्या वाक्यात तिने पाहिलेले काहीच उरले नव्हते.

राजा म्हणाला, "नियम सांग."

हेमांगी तराजूसमोर उभी राहिली. "महाराज, मी तीन बाजार पाहिले. माझ्याजवळ तीन नियम आहेत. त्यांचा एक होत नाही. का होत नाही, तेही मला कळलेले नाही."

पारडी हलली, डुलली, आणि समान होऊन थांबली.

दगड उठले. पंडित अंगावरची धूळ झटकू लागले. राजाने दवंडी मागे घेतली आणि घोडा मागवला, मिठाचा बाजार बघायला.

सोमदत्ताने लेकीचा हात धरला. "म्हणजे एक नियम नाहीच?"

"माहीत नाही, बाबा," हेमांगी म्हणाली. "चौथ्या बाजारात मी अजून गेले नाही."