ओला साचा

पूर्वी चंपानगरीत दृढकेतू राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व घंटा ओतणाऱ्या एका कासाराच्या घरी जन्मले होते. नाव सुघोष. वीस वर्षे नगरातली प्रत्येक घंटा त्यांच्याच हातची. मग त्यांचाच धाकटा गुरुबंधू नंदिक नावारूपाला आला आणि लोक त्याच्या दाराशी जाऊ लागले. सुघोषांच्या पोटात दुखू लागले. बोधिसत्त्व झाले म्हणून काय, पोट त्यांनाही होतेच.

राजाला महाद्वारासाठी घंटा हवी होती. ज्योतिष्याने काढलेल्या मुहूर्तावर दोघांनीही धातूचा रस ओतायचा, आणि ज्याची घंटा गोड वाजेल त्याची द्वारावर चढायची, असे ठरले.

ओतण्याआधी एका कासाराने दुसऱ्याच्या साच्यावर हात ठेवून 'ओत' म्हणायचे, ही त्या पेशातली रीत. मुहूर्ताच्या सकाळी सुघोषांनी नंदिकच्या साच्यावर तळहात टेकला. नंदिकने घाईने तो कडक उन्हात वाळवला होता. वरून खडखडीत, पण हाताला गार लागत होता. माती आत ओली होती. ओल्या मातीत उकळता रस पडला की साचा फुटतो आणि सगळे ओतणाऱ्याच्या अंगावर येते.

'ओत' हा शब्द सुघोषांच्या जिभेवर आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

ते तिथेच जमिनीवर बसले, रोज पहाटे श्वास पाहत बसत तसे. मत्सराला त्यांनी हाकलले नाही आणि गोंजारलेही नाही. छातीत कुठे जळते, ते पाहत राहिले. हा मत्सर आहे, एवढे ओळखले. घटकाभराने मत्सर गेला नाही, पण तो शब्द जिभेवरून उतरला.

"नंदिका, साचा ओला आहे. आज ओतू नकोस."

नंदिक हसला. "मुहूर्त चुकवून मला बाद करायचंय होय, दादा? तुम्ही माझ्यावर जळता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"जळतो," सुघोष म्हणाले. "आत्ताही जळतोय. तरी साचा ओलाच आहे."

आणि त्यांनी शेजारच्या आपल्याच भट्टीतले निखारे बाहेर ओढून त्यांवर पाणी ओतले. "घे, माझाही मुहूर्त गेला."

नंदिक त्या विझलेल्या निखाऱ्यांकडे पाहत उभा राहिला. मग हातोडी घेऊन त्याने आपला साचा फोडला. आतली माती बोटांना चिकटली. तो सुघोषांच्या पायाशी बसून राहिला.

राजाने दोघांना नवा मुहूर्त दिला. घंटा नंदिकचीच गोड वाजली. पहिल्याच ठोक्याला सुघोषांच्या छातीत पुन्हा चटका बसला. नाद विरेपर्यंत ते नादही ऐकत राहिले आणि चटकाही पाहत राहिले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, थांबले. समोर सुप्रभ नावाचा भिक्षू मान खाली घालून बसला होता. सोबतच्या भिक्षूचे प्रवचन ऐकायला जास्त लोक येतात म्हणून त्याचा जळफळाट होत होता. असल्या मनाने ध्यानाला बसूच नये, असे वाटून तो त्या पहाटे आसनावरून उठून गेला होता.

"तेव्हाचा नंदिक तू होतास, सुप्रभा," शास्ते म्हणाले, "आणि जळत होतो तो मी. त्या जन्मी मी सत्याची पारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, पाळली. आता जा, आसनावर बस."