तक्त्याचं मौन

“म्हणजे आता कुणालाच काही बिघडवता येणार नाही?” खेमगिरी बुवांनी विचारलं.

“कुणालाच नाही!” निनादची मान ताठ होती.

“मग नदी कुठवर आलीय?”

निनादने लॅपटॉपकडे पाहिलं. “कालच्याइतकीच, बुवा.”

बाहेर घाटावरच्या दगडी नंदीच्या गळ्याला पाणी लागलं होतं. काल ते त्याच्या खुरांशी होतं.

“वा...” बुवा म्हणाले. “तुझ्या तक्त्यात पूर थांबला.”

मठाच्या खाली, नदीच्या दोन धारांमध्ये बेटवाडी. पाणी दर साली चढायचं. पळायचं कधी, एवढाच प्रश्न असायचा. सरकारी भोंग्याने वाडीला दोनदा उगाच पळवलं होतं आणि खरा पूर आला तेव्हा तो मुका राहिला होता. त्या पुरात माणसं गेली. भोंगेवाल्या साहेबांची साधी बदलीही झाली नाही. तेव्हापासून वाडी भोंग्यावर थुंकतही नव्हती. ती मठाच्या तक्त्यावर हलायची.

तो तक्ता म्हणजे निनादने बांधलेली, सगळ्यांना मोबाईलवर दिसणारी स्प्रेडशीट. पुण्यातली कंप्युटरची नोकरी सोडून तो बुवांकडे आला होता; नोकरी सुटली, ऐट सुटली नव्हती. वरच्या घाटांवरचे नावाडी मोबाईलवरून पाण्याचे आकडे भरत. तळाच्या कप्प्यातलं सूत्र त्यांची गोळाबेरीज करून पूर बेटवाडीत कधी शिरेल ते सांगे. वेळ जवळ आली की तो कप्पा लाल होई.

काल संध्याकाळी दौलू नावाड्याने नेमकं त्या तळाच्या कप्प्यातच बोट घातलं आणि लिहिलं, ‘आलंच!’ सूत्र पुसलं गेलं. निनाद भडकला. त्याने सूत्र पुन्हा बसवलं, त्याला कुलूप लावलं, तक्ता संरक्षित केला, वर पासवर्ड ठोकला आणि निवांत झोपला.

दारात फटफटी थांबली. चिखलाने माखलेला दौलूच आत आला.

“ओ इंजिनेर! तुमचा तक्ता आकडा घेईना. कप्पा बंद हाय म्हणतो. वरच्या समद्या घाटांवर हीच बोंब.”

“तुमच्यामुळेच बंद केलाय, दौलूमामा.”

“बरं केलंत. आता पुरालाबी सांगा, पासवर्ड टाकून ये म्हणावं.”

निनादचा चेहरा उतरला. त्याने एका घाटाचा कप्पा दाबून पाहिला. बंद. दुसरा... बंद.

“पण बुवा, कुलूप तर मी फक्त सूत्राला लावलं होतं! बाकीच्या कप्प्यांना हातसुद्धा लावला नाही. मग सगळे कसे बंद झाले?”

बुवा उठले. आज अमावास्या, मौनाचा दिवस. त्यांनी चूळ भरली आणि ते आसनावर बसले. मौन घेण्याआधी त्यातून काय वगळलं ते मोठ्याने सांगायचं, ही मठाची जुनी रीत.

“नदीची बातमी... आजाऱ्याची हाक... भुकेल्याची विचारपूस... एवढं मोकळं. बाकी सगळं बंद.”

त्यांनी ओठांना भस्म लावलं.

“बुवा, माझं उत्तर राहिलं!”

बुवांनी जपमाळ हातात घेतली.

“वाडी बुडेल, बुवा! सगळेच कप्पे का बंद झाले, एवढं तरी सांगा!”

बुवांनी डोळे मिटले.

दौलूने खिडकीतून पाहिलं. “बुवा, नंदीच्या शिंगाला पाणी लागलं.”

“नाव सोडवून तयार ठेव, दौलू,” बुवा ताडकन म्हणाले. आणि पुन्हा ओठ मिटले.

बुवांचे मघाचे शब्द निनादला आठवले. त्याला बंद, दौलूला मोकळं... दर अमावास्येला ते शब्द तो ऐकत होता आणि मनातल्या मनात हसत होता. म्हाताऱ्याने मौनात ठेवलेली पळवाट, असं त्याला वाटे.

तो लॅपटॉपवर झेपावला. तक्त्यातल्या प्रत्येक कप्प्याला कुलूप जन्मतःच होतं! संरक्षण चालू होईपर्यंत ते झोपलेलं असतं, एवढंच. ज्याला आधीच कुलूप होतं त्यालाच तो पुन्हा लावत बसला होता. जिथलं काढायचं तिथलं काढलंच नव्हतं.

त्याने पासवर्ड टाकून संरक्षण उठवलं. घाटांचे कप्पे निवडले, त्यांचं कुलूप काढलं. सूत्राचं तसंच ठेवलं. मग तक्ता पुन्हा संरक्षित केला.

“भरा, दौलूमामा! वरच्यांनाही फोन करा.”

दौलूने आकडा भरला. घेतला! खोड जाईना म्हणून त्याने तळाच्या कप्प्यातही बोट घालून पाहिलं.

“ह्यो लेकाचा हात लावू देईना की!”

“तो नाहीच देणार!”

एकेका घाटाचा आकडा येऊ लागला. शेवटचा येताच तळाचा कप्पा लालभडक झाला.

बेटवाडीने प्रश्न विचारला नाही. मोबाईलवर लाल दिसलं आणि वाडी उठली. दौलूने खेपांवर खेपा मारल्या. म्हातारी सोनाक्का कोंबड्यांची डालगी मांडीवर घेऊन नावेत बसली आणि पैलतीर येईस्तोवर नदीला शिव्या घालत राहिली. सूर्य कलला तेव्हा पाणी रिकाम्या घरांत शिरलं. माणूस सोडा, एक कोंबडीसुद्धा त्याच्या हाती लागली नाही.

मठात पिठलं-भाकरीची पंगत बसली, तेव्हा कुठे सरकारी भोंगा वाजला. सारी वाडी एवढी हसली की वाढपी वाढायचे थांबले.

दिवेलागणीला बुवांचं मौन सुटलं. निनादने पायांवर डोकं ठेवलं.

“बुवा, आता तक्ता पक्का झाला. पासवर्ड तेवढा तुमच्याजवळ ठेवा.”

बुवांनी पंगतीकडे पाहिलं. दौलू तिसरी भाकरी मोडत होता...

“मला कशाला? रोज नदीवर असतो त्याला... दौलूला दे.”