खाडीच्या तोंडावरचा बोया

माणसं समुद्रावर हद्दी आखायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं जाळं आणि गलबताचा नांगर जागेवरून रोज भांडत. शेवटी त्यांनी हद्दीची खूण म्हणून मधोमध बोया बांधला. आतलं पाणी जाळ्याचं, बाहेरचं नांगराचं.

पण बोया दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगत होता. भरतीला तो आत सरके, की जाळं ओरडे, "नांगरानं ढकलला." ओहोटीला बाहेर सरके, की नांगर चिडे, "जाळ्यानं ओढला." एकमेकांवर पहारा करता करता दोघांचाही डोळा लागेना.

एका ओहोटीला नांगर हट्टानं आपल्या जुन्या जागेवर पडला, तो थेट जाळ्यात. जाळं फाटलं, मासळी निसटली, गलबत अडकून राहिलं.

"ओहोटीला तुझं इथे काय काम होतं?" जाळं कळवळलं.

"काही नाही. गलबत भरतीलाच आत शिरतं. जागा जाईल म्हणून मी आधीच येऊन पडतो. पण तू भरतीला का पसरून असतंस?"

जाळ्यानं आपली फाटकी टोकं गोळा केली. "मासळी मला ओहोटीलाच मिळते. भरतीला नुसती राखण."

हेलकावे खात बोयानं विचारलं, "मग मला इथे कशासाठी बांधलंत?"