म्हसू, फ्लूची सुई आणि नवा तिसरा

एका गावात म्हसू नावाचा एक भोळा गडी होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते पंचायतीत निवडून गेले होते. म्हसू भानुदासअण्णांच्या पोल्ट्रीत कामाला होता. कामाला वाघ. सांगाल ते करायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेच करायचा.

अण्णा एकदा म्हणाले, "म्हसू, या कोंबड्यांवर जरा डोळा ठेव." म्हसू दिवसभर जाळीला डोळा लावून उभा. संध्याकाळी डोळ्याभोवती जाळीचे चौकोन उठले होते आणि मागच्या दारातून मांजर कोंबडी घेऊन गेलं होतं.

म्हसूची आई गिरजाबाई. तिला एकच ध्यास लागला होता: घरात सून यावी आणि मांडीवर नातवंड खेळावं. पण लेकाची कीर्ती पंचक्रोशीत पोचलेली. मुलीवाले फाट्यावर उतरायचे, चहाच्या टपरीवर चौकशी करायचे आणि तिथूनच परतीची एसटी धरायचे. शेवटी लांबच्या एका गावचे सोपानराव मुलगा बघायला यायला तयार झाले. त्यांच्या वाटेवर टपरी नव्हती, एवढंच कारण.

नेमकी त्याच दिवसांत गावच्या उपकेंद्रात फ्लूची लस आली. लोखंडे सिस्टरना म्हसू रस्त्यात भेटला.

"म्हसू, उद्या पोल्ट्रीतल्या सगळ्यांना घेऊन ये. लस टोचायचीय. एकालाही मागे ठेवू नकोस."

"एकालाही नाही ठेवत," म्हसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रासमोर टेम्पो थांबला. म्हसूने फाळका खाली टाकला. सिस्टर बाहेर येईपर्यंत कोंबड्या आत गेल्या होत्या. टेबलावर कोंबड्या, बाकावर कोंबड्या, बाळांना तोलायच्या काट्यावर एक जाडजूड कोंबडी. एकीने तर सिस्टरच्या खुर्चीत अंडं घातलं.

"अरे देवा! हे काय आणलंस?"

"सगळ्यांना आणलं. लंगडीसुद्धा मागे ठेवली नाही."

"कोंबड्यांना नव्हे रे बाबा! पोल्ट्रीतल्या माणसांना!"

"तुम्ही 'सगळ्यांना' म्हणालात."

सिस्टरनी कपाळावर हात मारला. लस राहिली बाजूला, दिवस गेला पिसं झाडण्यात. जाताना त्यांनी म्हसूला समोर उभं केलं आणि सांगितलं, "नीट ऐक. कुणी दारात आलं की लगेच आत सोडायचं नाही. आधी विचारायचं. ताप आहे का? खोकला आहे का? मागे सुई टोचल्यावर काही त्रास झाला होता का? सगळं ठीक असेल तर आत. कळलं?"

"कळलं. दारात आलं की आधी विचारायचं."

"शाबास."

म्हसू वाटभर घोकत घरी आला. चुकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी सोपानराव आले. गिरजाबाई साखर आणायला गेली होती. दारात म्हसू एकटा.

"राम राम. गिरजाबाईंचं घर हेच ना?"

"ताप आहे का?" म्हसूने विचारलं.

"आँ? नाही बुवा."

"खोकला?"

"आहे थोडासा. प्रवासात धूळ लागली."

"मग आत येता येणार नाही. मागे सुई टोचल्यावर काही त्रास झाला होता का?"

"मला कोण कशाला टोचतंय?"

"बाही वर करा. आ करा बघू."

आता सोपानराव म्हणजे पाहुणा माणूस. त्यांना वाटलं, असेल यांच्याकडची रीत. गिरजाबाई साखर घेऊन आली तर व्याही दारात उन्हात उभे, बाही खांद्यापर्यंत, तोंड उघडं, आणि लेक आत डोकावून पडजीभ बघतोय.

"अगं बाई! मेल्या, सर बाजूला!"

गिरजाबाईने व्याह्यांना आत नेलं, पाणी दिलं, हातापाया पडली. तिला वाटलं, झालं, ही पण सोयरीक गेली. पण सोपानरावांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पोरगं भोळं आहे. पण बनेल नाही. बनेल जावई एक आहे माझ्या पदरी, पुरे झाला तो. आमची शालन याच्या घरी सुखात राहील. माझं म्हणणं एकच. कामाला लागलेला आहे, तो लग्नापर्यंत टिकला पाहिजे. कामावरून काढला, की आमचा रामराम."

गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे गेल्यावर तिने म्हसूला पुढ्यात बसवलं.

"दारात आलेल्याला असं विचारतात होय रे? कुणीही येऊ दे, आधी आत घ्यायचं. या, बसा म्हणायचं. खायला घालायचं. जातो जातो म्हणाला तरी जेवल्याशिवाय सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं. दारात आलं की आत घ्यायचं. जेवल्याशिवाय सोडायचं नाही."

"गुणाचं माझं बाळ!" गिरजाबाई म्हणाली. बिचारी.

दुसऱ्या दिवशी म्हसू सकाळी पोल्ट्रीवर गेला. शेडच्या दारात पाझर तलावावरची पाणबदकं आली होती. सांडलेलं खाद्य टिपत होती. म्हसूला सकाळपासून शिंका येत होत्या, नाक गळत होतं, तरी त्याने दार सताड उघडलं.

"या, या. बसा."

बदकं बसली नाहीत, पण आत आली. म्हसूने खाद्य पसरलं, पाण्याची भांडी पुढे सरकवली. बदकं कोंबड्यांच्या पंक्तीला जेवली. काही बदकं निघाली तर म्हसू दाराला पाठ लावून उभा. "अजिबात चालायचं नाही! जेवण झाल्याशिवाय कसे जाता?" आणि परत शिंकला.

तेवढ्यात भानुदासअण्णा आले. त्यांनी आत बघितलं आणि मटकन खालीच बसले.

"म्हस्या! रानातली पाखरं शेडात? अरे, त्यांच्या अंगावर कुठला रोग असेल, ठाऊक आहे का? आणि वर तू शिंकतोस! चल, नीघ इथून. उद्यापासून कामावर दिसू नकोस!"

गिरजाबाईला कळलं तशी ती धावत आली. "अण्णा, एवढं लग्न होऊ द्या हो. सून घरात आली की मग काय करायचं ते करा. माझ्या डोळ्यांदेखत घर मोडायला आलंय." ती खरंच रडायला लागली. अण्णा तोंडाने तिखट, पण पोटात माया. त्यांनी जनावरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी बदकं बघितली, कोंबड्या बघितल्या, तपासायला पाठवलं. सगळी पाखरं ठणठणीत निघाली. म्हसूचं नाकही तोवर थांबलं होतं. तेव्हा अण्णांनी त्याला दंडाला धरून उपकेंद्रात नेलं. "सिस्टर, याला टोचा आणि समजावून सांगा. डोक्यात शिरलं तरच कामावर घेतो."

सिस्टरनी सुई टोचली. मग खुर्ची झाडून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ म्हसू. दरवर्षी येतो तो माणसांचा फ्लू. कोंबड्या-बदकांचा असतो तो वेगळा. ही सुई माणसांच्या फ्लूची. पाखरांच्या फ्लूला ही अडवत नाही."

"मग पोल्ट्रीवाल्यांना कशाला टोचता?"

"चांगलं विचारलंस. तुझं अंग म्हणजे एक घर समज. त्या घरात एकाच वेळी माणसांचा फ्लू शिरला आणि पाखरांचाही शिरला, तर दोघांची गाठ पडते. त्यांचं जमलं, तर एखाद्या वेळी तिसराच नवा जन्माला येतो. थोडं याचं घेतो, थोडं त्याचं घेतो. आजवर कुणी बघितलेला नसतो, म्हणून कुणाच्या अंगात त्याला आवरायची ताकद नसते. मग तो घरोघर पसरतो. त्याला महासाथ म्हणतात. म्हणून सुई टोचून एकाला निदान दाराबाहेर ठेवायचा. जोखीम संपत नाही, पण कमी होते."

म्हसूच्या अंगावर काटा आला. "आणि जन्मलाच तर?"

"तर लपवायचं नाही. तडक तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांना फोन करायचा. आता सांग बघू काय कळलं?"

म्हसूने घडाघडा सांगितलं, "एका घरात दोघांची गाठ पडू द्यायची नाही. पडली तर तिसरा नवा जन्माला येतो. थोडं याचं, थोडं त्याचं. आला की फोन करायचा."

"बघा अण्णा! पठ्ठ्याने शब्द न् शब्द धरलाय," सिस्टर खूश झाल्या. अण्णांनी म्हसूला कामावर घेतलं. गिरजाबाईने देवापुढे नारळ फोडला.

लग्न झालं. वाजतगाजत वरात घरी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. आत्या ओवाळायला उभी. शालनने पाऊल उचललं, आणि म्हसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे एक घर. ही एक, मी एक. दोघं वेगळ्या ठिकाणचे. त्याने दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"थांब! आत यायचं नाही!"

बँडवाले बंद पडले. सोपानरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अरे, काय झालं?" गिरजाबाई ओरडली.

"आई, एक तर ही बाहेर राहील, नाही तर मी. दोघं एका घरात नकोत. गाठ पडली तर तिसरा जन्माला येईल!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. बँडवाला तोंड फिरवून हसला. लोखंडे सिस्टर वऱ्हाडातच होत्या, त्या हळूच मांडवाच्या खांबामागे गेल्या.

"मुडद्या," गिरजाबाई म्हणाली, "अरे, त्याच्यासाठीच तर केलं हे सगळं!"

म्हसू पांढराफटक पडला. सख्खी आई, आणि महासाथ आणायला निघालेली! तो दारातून हलेना. सोपानराव मुलीचा हात धरून म्हणाले, "चल पोरी, परत जाऊ."

शालन मात्र शहाणी होती. सिस्टरची सुईची गोष्ट तिच्याही कानावर आली होती. तिने वडिलांचा हात सोडवला आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही सुई टोचून घेतलीय का?"

"घेतली. अण्णांच्या समोर."

"मग एक बाहेर राहिलाच की. आता कशाला भिता?"

म्हसूने विचार केला. खरंच की. सुई होती, मग भ्यायचं काय? तो बाजूला झाला. शालनने माप ओलांडलं. गिरजाबाईने तिथेच हात जोडले आणि बँडवाल्यांना जी धून आठवली ती त्यांनी वाजवली.

दिवस गेले. शालन चांगली नांदली. म्हसू दरसाल वेळेवर टोचून घ्यायचा, पोल्ट्रीत शिरताना तोंडाला फडकं बांधायचा, पाणबदकांना लांबूनच राम राम करायचा. अण्णासुद्धा म्हणायचे, पोरगं सुधारलं.

आणि एके दिवशी सकाळी म्हसूने पाळण्यात वाकून बघितलं. बघितलं मात्र, तो धूम पळत सुटला तो थेट अण्णांच्या फोनपाशी.

दुपारी गावात पांढरी गाडी आली. मागे आणखी एक. पांढरे पोशाख, तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यांनी गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली. पोल्ट्रीला कुलूप ठोकलं. अण्णा छाती धरून बसले. शेजारीपाजारी कड्या लावून घरात बसले. तालुक्याचे डॉक्टरसाहेब म्हसूच्या दारात येऊन उभे राहिले.

"फोन तुम्हीच केला होता?"

"मीच, साहेब. तिसरा जन्मला."

"आजवर कुणी बघितलेला नाही, असं म्हणालात."

"कुणीच नाही, साहेब. परवापर्यंत जगात नव्हता."

"कशावरून म्हणता, दोघांचा मिळून झालाय?"

"नाक माझं आहे, साहेब. डोळे शालनचे. थोडं याचं, थोडं त्याचं!"

साहेबांच्या हातातली पेटी तिथेच थांबली. "आणि लक्षणं?"

"घरात कुणाला झोप नाही. पसरतोही फार भरभर. आधी आईला लागला. ती जेवत नाही, कामाला हात लावत नाही, नुसती त्याच्याकडे बघून हसते. मग आत्याला लागला. कालपासून साऱ्या आळीला. कोण येतं ते उठायचं नावच घेत नाही."

आतून टँहँ टँहँ ऐकू आलं. गिरजाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. पांढऱ्या पोशाखातली माणसं बघून ती उठलीसुद्धा नाही. "हळू या हो, आत्ताच दूध प्यालाय," एवढंच म्हणाली.

साहेबांनी मास्क खाली केला. वाकून बघितलं. बाळाने मूठ उघडली आणि साहेबांचं बोट घट्ट धरलं. साहेब आधी गालात हसले, मग मोठ्याने हसले. पेटी खाली ठेवली आणि मांडी घालून गिरजाबाईशेजारीच बसले.

म्हसू दारातून बाहेरच्या माणसांकडे बघत जिवाच्या आकांताने ओरडला, "लांब राहा रे, लांब राहा! साहेबांनापण लागला!"