हेव्याची घागर

बोरखळीच्या तळ्याकाठी एक चपटा दगड आहे. त्याच्याभोवतीची जमीन गोल झिजलेली, आणि कितीही पाऊस पडला तरी तिथं गवत उगवत नाही. पाहुणे तिकडं निघाले की भिकाआजी आधी डाफरते, "चप्पल काढा! फोटो मग काढा, आधी ऐका."

फार पूर्वी, म्हणे, इथल्या कुंभारवाड्यात बाईनं चिखल तुडवायचा, गाढवं हाकायची, राख चाळायची. पण चाकाला बोट लावायचं नाही. लावलं तर चाक फोडायचं आणि घर वाळीत टाकायचं. वाळीत टाकलेल्याचं मडकं कुणी घेत नसे, म्हणजे चूलच बंद.

त्यात गोजरा नावाच्या पोरीच्या बापाला लकव्यानं गाठलं. आई अंथरुणाला, पाठची भावंडं लहान, आणि बापाचं चाक गोणपाटाखाली पडून. पोरीनं करावं काय? या दगडावर फुटक्या मडक्याचं बूड पालथं घातलं, त्यावर चिखल ठेवला आणि स्वतःच भोवती फिरायला लागली. बंदी चाक फिरवायची होती ना, बाईनं फिरायची नव्हती! पंच डोकं खाजवत राहिले. घागरी जराशा वाकड्या व्हायच्या, पण पाणी असं गार की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला लोक गोजराचीच घागर मागायला लागले. घर तगलं.

शेजारच्या ठकूबाईच्या डोळ्यांत हे सलायचं. माहेरी लहानपणी तीही चिखलाची भांडी घडवायची. सासरी आली नि ते हात राखेत गेले. एकदा जेवताना नवरा सहज बोलून गेला, "पोरीच्या हाताला काय गुण आहे बघ!" ठकूनं हातातला घास ताटात टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या हाताबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. मेल्या, माझे हात काय नुसत्या भाकरी थापायला? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून गोजराची पावलं दगडाभोवती वाजली की ही धाडकन दार आपटायची. आणि आखाजी तोंडावर आली तेव्हा तिनं पंचांपुढं जाऊन सांगितलं, "बापाचं चाक फिरवताना हिला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

पंच घण घेऊन आले. गोजराच्या आईनं हंबरडा फोडला. गोणपाट ओढलं, चाक उचललं, आणि सगळे वाकून बघायला लागले. चाकाखालच्या खुंटीवर कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली होती, एकावर एक. चाक एकदा जरी फिरलं असतं तरी त्यांचा भुगा झाला असता.

मग खोटं बोलणारीला तीच शिक्षा, म्हणून पंच ठकूच्या घराकडं वळले. गोजरानं तिला विचारलं, "काकी, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

ठकूचा बांध फुटला. "काही नाही गं! जळले मी तुझ्यावर. हात मलाही होते. मला का नाही गं सुचलं असं फिरायचं?"

गोजरा खवळली होती, खोटं कशाला बोला. या बाईनं भावंडांच्या तोंडचा घास काढायची वेळ आणली होती. पण ती पंचांना म्हणाली, "काकींच्या घरचं चाक फोडू नका. काकींनी त्या दगडावर एक घागर घडवावी आणि माझ्या दारात आणून ठेवावी. हाच दंड."

ठकू रडत रडत फिरली, आणि फिरता फिरता रडायचं विसरली. घागर चांगलीच वाकडी झाली. पण घरात विकायच्या घागरींची रांग असूनही गोजराच्या घरच्यांनी त्या आखाजीला ठकूच्याच घागरीतलं पाणी प्यायलं, असं सांगतात. पुढं दोघी तिथं आळीपाळीनं फिरायच्या. जमीन झिजली ती तेव्हापासून.

आजही आखाजीआधी बोरखळीतली बाई, वर्षभरात जिचा हेवा वाटला तिच्यासाठी, इथं फिरून घागर घडवते आणि भाजून गुपचूप तिच्या दारात ठेवून येते. कुणी ठेवली ते विचारायचं नाही, पाणी भरून प्यायचं. सरपंचीणबाईंच्या ओट्यावर तर पाय ठेवायला जागा उरत नाही.

भिकाआजीच्या दारात यंदा एकही नव्हती. "या म्हाताऱ्या हाडांचा कोण हेवा करणार?" म्हणून ती हसते. पण आखाजी होऊन गेली तरी सकाळी दार उघडलं की तिची नजर आधी उंबऱ्यापाशी जाते.