काठावरचा दगड आणि अडुळशाचा वाफा

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एका वैद्याची मुलगी राहत असे. वडिलांच्या पश्चात आत्याने तिचा सांभाळ केला होता. गावच्या पाठशाळेतील अध्ययन पूर्ण होताच, पैलतीराकडील दूरच्या वैद्यपीठात जाऊन पुढील विद्या शिकावी, अशी तिला तळमळ लागली. तेथे मोजक्याच जणांना प्रवेश मिळे. तिने आपली विनंती धाडली आणि ती उत्तराची वाट पाहू लागली.

सकाळ झाली की ती काठावरच्या दगडावर जाऊन बसे. नाव दिसली की उठे. नावेतून मिठाची पोती उतरली की पुन्हा बसे. सायंकाळी घरी परतताना तिचे अंग मोडून गेलेले असे. वाट पाहण्यानेही थकवा येतो, आणि थकवा आला की आपण काही काम केले, असे माणसाला वाटते. तिलाही तसेच वाटत होते.

“अगं, तो दगड झिजेल आता,” आत्या म्हणे. “परसातल्या वाफ्याला पाणी तरी घाल.”

“लक्षच लागत नाही गं, आत्या. आणि तिकडे सगळं नव्यानंच शिकायचंय ना? मग आता कशाला?”

तिच्या जिवाची घालमेल आत्याला कळत होती, म्हणून ती अधिक बोलत नसे. आत्याचे गुडघे धरलेले. तिला पाणी आणवत नव्हते. वडिलांच्या हातचा अडुळशाचा वाफा उन्हाने करपत चालला.

एके दिवशी शेजारची कुंभारीण लेकीला कडेवर घेऊन आली. खोकून खोकून पोरीचे डोळे लाल झाले होते.

“वैद्यीणबाई, तुमच्या बाबांसारखा काढा करून द्या की!”

ही हाक तिने आयुष्यात प्रथमच ऐकली. ती हर्षाने परसात धावली. हात लावताच पाने चुरली, फांदी काडीसारखी मोडली.

“काकू… अडुळसा वाळून गेलाय.”

“असू दे, बाई,” म्हणून कुंभारीण निघून गेली. ती रागावली नाही, हेच मुलीला अधिक लागले. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली, ती घागर घेऊन. वाळलेल्या अडुळशाच्या बुंध्यात अजून ओल होती. तेथे तिने पाणी घातले. शेजारच्या वाडीतून पाने मागून आणली आणि काढा केला. पहिला करपला. दुसरा पोरीने थुंकून टाकला.

“शी! हा काढा की चिखल?”

तिसऱ्यात तिने गूळ घातला. तो पोटात गेला. हळूहळू खोकला उतरू लागला. मग कोणी सुजलेला पाय घेऊन येई, कोणी दुखता कान. ठाऊक असेल ते ती करी. ठाऊक नसेल तेथे “हे मला अजून येत नाही” असे सांगे, आणि तो प्रश्न मनात जपून ठेवी. वाफ्यालाही नवे कोंब फुटले.

एके दुपारी वैद्यपीठाचा निरोप्या घाम पुसत दारात आला.

“काठावर किती हाका मारल्या! नावाडी म्हणाला, ती दगडावरच भेटेल.”

चुलीवर कुंभारणीच्या लेकीचा काढा उकळत होता.

“काका, बोलू नका अजून. काढा उतू जाईल.”

“अगं, होकार की नकार, ऐकायचं नाही तुला?”

“ऐकायचंय हो! पण पातेल्याला ते काय माहीत?”

तिने काढा गाळला, शेजारी नेऊन पोरीला पाजला आणि मग ती उंबऱ्यात बसली. “सांगा.”

“यंदा जागा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विनंती करावी, असं आचार्य म्हणाले.”

तिने पदरात तोंड लपवले. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. निरोप्या अवघडून उभा राहिला, आणि नदीवरच्या वाऱ्याने त्याला खोकल्याची उबळ आली.

मुलगी उठली. डोळे पुशीत तिने उरलेला काढा वाटीत ओतला.

“गरम आहे. फुंकून प्या.”

वाटी रिकामी करून त्याने विचारले, “आचार्यांना काय सांगू?”

“पुन्हा विनंती करते, म्हणावं. विचारायचं पुष्कळ साठलंय.”

मग तिने घागर उचलली. वाफ्याला पाणी घालायचे राहिले होते.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाती असलेल्या उत्तरासाठी जीव तळमळणे हा दोष नव्हे, मात्र ते येईपर्यंतचे दिवस आपल्या हाती असतात, आणि त्यांची निगा आपणच राखावी लागते.